पहिलंच मोठं क्राउन रिडक्शन, आणि झाडाकडे बघूनच पोटात गोळा येतोय

नवखा_चढाऊ

नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

दोरीवर चढून झाडांची कामं करायला लागून मला फार काळ झालेला नाही. आत्तापर्यंत वाळकी लाकडं काढणं, खालच्या फांद्या काढून घेणं, एखादी छपरावर आलेली फांदी मागे घेणं असलीच कामं केलीत. उंचीची भीती गेलीये, दोरीवर भरवसा बसलाय. आता समोर एक ओक आहे, उंची साधारण १८ मीटर, पसारा आडवा मोजला तर १४ मीटर, आणि कामाच्या कागदावर क्राउन रिडक्शनची (म्हणजे फांद्यांचा पसारा टोकांकडून आखूड करायची) एकच ओळ, "क्राउन रिडक्शन ३० टक्के". आमच्यातले सीनियर म्हणाले की यावेळी वर तू जा, मी खाली थांबतो.

काल झाडाखाली उभा राहून बघत होतो तेव्हा डोक्यात आलं की आजवर मी जे काही केलं ते खोडाजवळ केलं, आणि हे सगळंच्या सगळं काम टोकांवर आहे, जिथे फांदी मनगटाएवढी असते आणि पाय ठेवला की हलते. त्यात शेंडाच कमी करायचा म्हणजे मी दोरी बांधणार कुठे? कडेच्या टोकापर्यंत पोचायचं कसं? किती कापलं आणि किती राहिलं हे आत बसून कळतं कसं? चेनसॉ न्यायची की हातकरवत पुरेल? ज्यांनी केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

दोरवाला

चांगले प्रश्न आहेत. अँकरचं, म्हणजे दोरी जिथे बांधायची त्या जागेचं, आधी सांगतो. शेंड्यात जिथे शेवटचा काप येणार त्याच्या बऱ्यापैकी खाली, मुख्य खोडावर किंवा खोडाइतक्याच दमदार सरळ फांदीवर, बेचक्यात बांधायचं. जाडीचा ढोबळ नियम १० सेंटीमीटर, तोही निरोगी लाकडाचा, आणि ओक असला तरी आधी जमिनीवरून दोघांनी दोरीला लटकून झटके देऊन बघायचं. बेचक्यात साल आत दबलेली असेल तर ते बेचकं सोडून द्या, बाहेरून कितीही मजबूत दिसो. बाकीचं रात्री लिहितो, आत्ता कामावर आहे.

जुनी_करवत

दोरवाल्याचं बरोबर आहे पण एक मिनिट. अँकरच्या आधी मला सांगा, ३० टक्के कशाचे? उंचीचे, घेराचे, पानांचे, की लाकडाचे? हे ज्याने लिहिलं त्याला तरी माहितीये का?

गणित करून बघा. पसारा १४ मीटर म्हणजे त्रिज्या ७. डोकं साधारण गोल धरू. प्रत्येक बाजूने लांबीचे ३० टक्के काढले तर २.१ मीटर गेले, उरले ४.९. आकारमान त्रिज्येच्या घनाच्या हिशोबात बदलतं, म्हणजे मूळ पसाऱ्यातला जेमतेम ३४ टक्के उरला आणि ६६ टक्के गेला! उलट आकारमानाचे ३० टक्के काढायचे असतील तर त्रिज्या ६.२ वर आणायची, म्हणजे टोकाकडून फक्त ८० सेंटीमीटर. एकाच ओळीचे दोन अर्थ, एकात झाड मजेत राहील, दुसऱ्यात त्याचा खांब होईल. ब्रिटनच्या झाडांच्या कामासाठीच्या बीएस ३९९८ मानकाची २०१० ची आवृत्ती म्हणूनच सांगते की टक्के लिहू नका, काम झाल्यावर उंची किती आणि पसारा किती राहिला पाहिजे ते मीटरमध्ये लिहा. कागदावर मीटर आल्याशिवाय मी तरी हार्नेस (चढायचा पट्टा) घातला नसता.

नवखा_चढाऊ

बाप रे. मी तर २ मीटरच्या हिशोबाने डोक्यात फांद्या कापायला सुरुवातसुद्धा केली होती. विचारतो उद्या.

वनस्पतीवेडी

जुनी_करवत यांना +१, आणि त्यात एक भर. पानं सगळ्या गोलात सारखी पसरलेली नसतात, ती बहुतेक बाहेरच्या थरात असतात. त्यामुळे बाहेरून ८० सेंटीमीटर काढले तरी झाडाच्या दृष्टीने तो चांगलाच मोठा घास आहे. अमेरिकेतल्या झाडांच्या निगेच्या एएनएसआय ए३०० मानकात एका हंगामात २५ टक्क्यांपेक्षा जास्त पानं काढू नयेत असं दिलेलं होतं, आणि म्हाताऱ्या किंवा आजारी झाडाला तेवढंही जड जातं.

दुसरा प्रश्न, हे कशासाठी चाललंय? सावली कमी हवी म्हणून असेल तर रिडक्शन हा बऱ्याचदा चुकीचा इलाज असतो, कारण ओक धुमारे फोडून काही वर्षांत पुन्हा दाट होतो आणि सावली आधीपेक्षा गच्च पडते. वाऱ्यात कोसळेल ही भीती असेल तर मात्र शेंडा थोडा जरी खाली आला तरी फरक पडतो, कारण वरच्या टोकाला वारा जास्त आणि बुंध्यापासूनचं अंतरही जास्त. कारण कळलं की किती कापायचं ते आपोआप ठरतं.

आणि बुंध्याशी आळंबी किंवा बुरशीची फळं दिसतायत का? ढोली आहे का? मुळांपाशी कुणी खणलंय का? हे चढायच्या आधी बघायचं. लाकडी हातोडीने बुंधा ठोकत एक चक्कर मारा, आवाज बदलला तर तिथे थांबायचं आणि विचारायचं.

फांदीतोड्या

इतकी गणितं कशाला लागतात कळत नाही. आम्ही वर जातो, सगळीकडून सारखं कापतो, खाली येतो, मालक खूश. झाड आहे ते, पुन्हा फुटतंच की.

वनस्पतीवेडी

फुटतं हो, पण कसं फुटतं ते बघा. मधेच कुठेतरी फांदी आडवी छाटली की ठुंठ राहतं, त्याला पुढे ओढून घेणारी पानं नाहीत, मग ते कुजायला लागतं आणि कापाच्या खालून सालीतून धुमाऱ्यांचा झुबका येतो. ते धुमारे आत गाभ्यातून आलेले नसतात, वरच्या वर चिकटलेले असतात, आणि खाली कुजत चाललेलं लाकूड. काही वर्षांनी तेच जड होऊन फाटतात. याला रिडक्शन म्हणत नाहीत, टॉपिंग म्हणतात.

रिडक्शनमध्ये प्रत्येक काप एखाद्या जिवंत फाट्यापर्यंत मागे न्यायचा, आणि तो फाटा जिथून कापतोय तिथल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीचा पाहिजे. म्हणजे ६ सेंटीमीटरची फांदी कापताय तर मागे राहणारा फाटा २ सेंटीमीटरचा तरी हवा. तो पुढे शेंडा म्हणून काम करतो, रस ओढतो, आणि झाड बाहेरून छाटल्यासारखं दिसत नाही. नवख्या_चढाऊ, तुमच्यासाठी ही एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

फांदीतोड्या

बरं, मान्य. पण मग मालकाने पैसे कशाचे दिले असं विचारतो ना तो, काही कापलेलंच दिसत नाही म्हणून.

जुनी_करवत

ते दिसत नाही म्हणूनच काम चांगलं झालं. आधी आणि नंतर एकाच जागेवरून फोटो काढा आणि दाखवा, भांडण मिटतं.

दोरवाला

आलो. आता लांबलचक.

अँकर खोडावर आणि तुम्ही टोकाकडे चालत जाताय, यात कोनाचा खेळ आहे. अँकर तुमच्यापेक्षा ५ मीटर वर असेल आणि तुम्ही ५ मीटर बाहेर गेलात तर दोरी ४५ अंशात आली. तिथपर्यंत ती तुमचं वजन बऱ्यापैकी उचलते, त्यापुढे उचलण्यापेक्षा आत ओढायला लागते, आणि पाय सटकला की तुम्ही लंबकासारखे थेट खोडावर आपटता. म्हणून अँकर जमेल तितका उंच आणि मध्यावर. जिथे कोन बिघडतो तिथे वाटेत एखाद्या दमदार फांदीवरून दोरी वळवून घ्यायची, म्हणजे रीडायरेक्ट, किंवा सरळ दुसरी दोरी लावायची. लॅनयार्ड (हार्नेसला लावलेली आधाराची दुसरी दोरी) लांब ठेवा, ४-५ मीटरचा असेल तर टोकाशी खूप जीव वाचतो, तो वरच्या किंवा शेजारच्या फांदीला टाकून दोन बाजूंनी ताण घेता येतो आणि शरीर स्थिर राहतं. नवीन माणूस फांदीवर चालताना वाकून फांदीला धरायला बघतो. धरू नका. मागे रेला, दोरीवर वजन टाका, पाय फांदीवर फक्त टेकलेले. दोरीवर वजन आहे तोवर फांदीवरचं वजन कमी आहे, म्हणून तर मनगटाएवढ्या फांदीवर माणूस जातो.

आता शेंडा. अँकरच्या वर काम करायला लागलात की नियम बदलतात. दोरी कितीही ताणलेली असली तरी अँकरच्या १ मीटर वर गेलात तर पडताना २ मीटर पडणार, आणि आपली चढायची दोरी असा झटका झेलायला बनलेली नाही, फार ताणत नाही ती, आणि सिट हार्नेससुद्धा नाही. म्हणून वर जाताना लॅनयार्ड खोडाला आखूड घेऊन, सरकवत सरकवत, आणि मग वर दुसरा तात्पुरता अँकर. त्यापेक्षाही वरचं जे असेल त्याला पोल सॉ (लांब दांड्याची करवत) लावा, हात पोचत नाही म्हणून आणखी एक पाऊल वर टाकायचा मोह होतो, तेव्हाच पोल सॉ मागवायची.

काट्यांचे बूट अजिबात नाही हं! छाटणीत जिवंत सालीत भोकं पाडायची नसतात, ते फक्त झाड पूर्ण काढायचं असेल तेव्हा. आणि दोरी सालीवरून घासू नये म्हणून कॅम्बियम सेव्हर (अँकरपाशी लावायची कड्यांची पट्टी) लावा, झाडाचंही भलं, हिच (दोरीवर सरकणारी गाठ) पण सारखी चालते.

नवखा_चढाऊ

हिचवरून आठवलं, मी अजून ब्लेक्स गाठ वापरतो. इतकं बाहेर-आत करायचं तर बदलू का? व्हीटी ही दुसरी गाठ शिकलोय पण सराव कमी आहे.

दोरवाला

या कामाच्या दिवशी नको. जी गाठ झोपेत बांधता येते ती वापर. व्हीटी जास्त सुरळीत चालते, खासकरून खाली पुली लावली की, टोकावरून परत येताना एका हाताने ढिलाई घेता येते, ते सुख आहे. पण ती किती वेढ्यांनी धरते ते दोरी, गाठीची कॉर्ड आणि तुझं वजन यावर ठरतं, तो हिशोब जमिनीपासून गुडघाभर उंचीवर लटकून करायचा.

खालून_बघणारी

सगळे वरचंच बोलतायत, मी खालचं लिहिते. मी बहुतेक वेळा ग्राउंडवरच असते.

आत बसलेल्या माणसाला झाडाचा आकार दिसत नाही, कधीच दिसत नाही, कितीही अनुभवी असू दे. त्यामुळे खाली एक जण लांब जाऊन उभा राहणारा पाहिजे, निदान झाडाच्या उंचीइतकं लांब, आणि तो सांगणार "अजून एक फाटा मागे" किंवा "बास". यासाठी हेल्मेटमधला रेडिओ असेल तर उत्तम, नसेल तर हातवारे आधी ठरवून घ्या, ओरडण्यावर भरवसा ठेवू नका, चिपर (फांद्यांचा चुरा करायचं मशीन) चालू झाला की काही ऐकू येत नाही. आमच्याकडे पद्धत अशी की आधी शेंडा त्याच्या शेवटच्या उंचीवर आणायचा, मग चारही बाजूंना एकेक फांदी त्या ठरलेल्या रेषेवर आणायची, आणि नंतर मधलं सगळं त्या पाच खुणांना जोडत वरून खाली यायचं. वरून खाली यासाठी की कापलेलं खालच्या फांद्यांत अडकतं, ते उतरता उतरता काढता येतं.

पडायच्या जागेत कुणी नाही, हे वरचा नाही, खालचा ठरवतो. वरच्याने "पडतंय" म्हणायचं, खालच्याने "ये" म्हणायचं, मगच काप. शब्द कुठलेही ठेवा पण उत्तर आल्याशिवाय कापायचं नाही.

आणि तुझे सीनियर खाली थांबणार आहेत ना, त्यांचा हार्नेस अंगावर असला पाहिजे, गाडीत नाही. बचावाची दुसरी दोरी झाडात आधीच टाकलेली. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेला माणूस पटकन बेशुद्ध पडू शकतो, त्यावेळी थ्रोलाइन (दोरी झाडात न्यायची वजन लावलेली बारीक दोरी) फेकत बसायला वेळ नसतो.

जुनी_करवत

हे सगळ्यात मोलाचं. मी एका टोळीबरोबर काम केलंय (नाव घेत नाही) जिथे खाली दोन जण होते आणि दोघांनाही चढता येत नव्हतं. वरच्या पोराने हातकरवतीने स्वतःच्या डाव्या हाताचं मनगट कापून घेतलं. तो स्वतः उतरला म्हणून निभावलं. रक्त थांबवायची पट्टी हार्नेसवर पाहिजे, खालच्या पेटीत नाही.

आणि करवतीचं विचारलंस ना. टोकाचं जवळजवळ सगळं काम हातकरवतीचं. वाकड्या पात्याची चांगली धारदार करवत ७-८ सेंटीमीटरपर्यंत सहज जाते आणि काप गुळगुळीत येतो. चेनसॉ फक्त जाड लाकडाला आणि तेव्हा दोन स्वतंत्र ठिकाणी बांधलेलं, दोन्ही हात मशीनवर. टोकाशी हलणाऱ्या फांदीवर एका हाताने टॉप-हँडल (वर मूठ असलेली छोटी चेनसॉ) चालवणारे व्हिडिओ खूप दिसतात, ते बघायचे आणि विसरायचे. पण हातकरवत साधी म्हणून हलक्यात घेऊ नकोस, ताणलेल्या दोरीला ती नुसती टेकली तरी दोरी जाते. कापायच्या आधी दरवेळी बघायचं, पात्याच्या रेषेत दोरी आहे का, लॅनयार्ड आहे का, दुसरा हात कुठे आहे.

वनस्पतीवेडी

कापाबद्दल थोडं. जड फांदी असेल तर आधी थोडं बाहेर खालून खाच, मग वरून काप, वजन गेलं की शेवटचा काप. नाहीतर साल खालपर्यंत सोलत जाते. शेवटचा काप फांदीच्या मुळाशी जी फुगीर कॉलर असते तिच्या बाहेर, कॉलर कापायची नाही आणि ठुंठही ठेवायचं नाही. अॅलेक्स शायगो यांनी अमेरिकेच्या वनखात्यात असताना हजारो झाडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, ते कुजलेल्या भागाभोवती भिंती घालून त्याला कोंडतं आणि बाहेर नवीन लाकूड चढवत राहतं. त्या भिंतीतली एक तिथेच कॉलरमध्ये असते. म्हणून जखम लहान ठेवायची, १० सेंटीमीटरच्या वरचे काप या कामात शक्यतो नकोतच. ओक त्यातल्या त्यात सोसतो, बर्च किंवा बीच असता तर मी आणखी हात आखडता घ्यायला सांगितलं असतं.

फांदीतोड्या

कापाला रंग लावायचा ना?

वनस्पतीवेडी

नाही. बहुतेक वेळा उपयोग नाही, उलट ओल आत राहते. अपवाद एकच, जिथे ओक विल्टचा रोग आहे तिथे, कारण ताज्या जखमेवर किडे येऊन तो पसरवतात. तिथे तर वसंतापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत ओकला करवत लावायचीच नाही, आणि लावावीच लागली तर लगेच रंग. बाकी ठिकाणीसुद्धा पालवी फुटताना आणि पानगळ चालू असताना टाळा. घरटी आणि वटवाघळांच्या ढोल्या बघून घ्या, बऱ्याच देशांत त्यांना कायद्याचं संरक्षण आहे.

नवखा_चढाऊ

अपडेट. मालकांशी बोललो, म्हणजे सीनियर बोलले आणि मी शेजारी उभा होतो. कारण निघालं वाऱ्याची भीती, आणि घराच्या बाजूला गेलेल्या दोन लांब फांद्या. ३० टक्के कुठून आले तर शेजारच्याने आपल्या झाडाला तेवढं केलं होतं म्हणून! आता कागदावर असं आहे की उंची १८ वरून साधारण १७, बाजूंनी सरासरी पाऊण मीटर, घराकडच्या दोन फांद्या दीड मीटरपर्यंत, ५ सेंटीमीटरपेक्षा मोठा काप सीनियरना विचारून. बुंधा ठोकून बघितला, एकसारखा वाजतो. ढोली एक आहे, रिकामी.

आकडे कमी झाल्यावर काम सोपं होईल असं वाटलं होतं पण तसं नाहीये, कमी कापायचं म्हणजे आणखी बाहेर जायचं, आणखी बारीक फांदीवर.

दोरवाला

हे तुझं तुलाच कळलं ते बरं झालं. हलकं रिडक्शन चढणाऱ्याला जास्त जड जातं. प्रत्येक टोकापर्यंत जायलाच पाहिजे असं नाही, दोन शेजारच्या फांद्यांमधून एका जागी उभं राहून पोल सॉने चार टोकं होतात. जागा निवडण्यात वेळ घालव. आणि एका दिवसात संपवायचा हट्ट नको, दुपारनंतर हात थकले की माणूस दोरीवर रेलायच्या ऐवजी हाताने लटकायला लागतो, तिथून पुढे सगळं चुकतं.

खालून_बघणारी

पाणी वर ने. हसण्यावारी नेऊ नकोस.

नवखा_चढाऊ

शेंडा आणि दोन बाजू झाल्या, उरलेलं पुढच्या वेळी. दोरीवर मागे रेलायचं जमायला वेळ लागला पण एकदा जमलं की फांदी हलली तरी काही वाटेनासं झालं. खालून "बास, बास" असं ओरडणं जास्त वेळा ऐकलं, मला आतून वाटायचं काहीच कापलं नाही.

एक अडलंय. घराकडच्या दोनपैकी एका फांदीवर दीड मीटरच्या आसपास फाटाच नाही. आहे तो किरकोळ, पेन्सिलीएवढा, आणि फांदी तिथे ५ सेंटीमीटरची. पुढचा चांगला फाटा थेट अडीच मीटर मागे आहे, तिथे काप ९ सेंटीमीटरचा येईल. काय करू? सीनियर म्हणतात तू विचार कर आणि सांग.

वनस्पतीवेडी

सीनियर आवडले मला. पेन्सिलीवर नको, तो फाटा एक तृतीयांशाच्या जवळपासही नाही, फांदी मागे वाळत येईल. अडीच मीटर मागे जायचीही घाई नको, ९ सेंटीमीटर ओकला चालून जाईल पण त्या फांदीची जवळजवळ सगळी पानं जातील. दीड मीटरच्या अलीकडे, म्हणजे टोकाकडे, काय आहे ते बघा. ७०-८० सेंटीमीटरवर दीड-दोन सेंटीमीटरचा फाटा असेल तर तिथे थांबा, आणि त्याच फांदीवरचे बाजूचे दोन-तीन फाटे थोडे आखूड करा, वजन तेवढंच उतरेल. मालकांना सांगा की या फांदीवर दीड मीटर होत नाही, काही वर्षांनी आतला फाटा जाड झाला की तिथपर्यंत मागे घेता येईल.

जुनी_करवत

हेच लिहिणार होतो. आणि तो पेन्सिलीएवढा फाटा चुकून तोडू नकोस, पुढच्या वेळी तोच लागणार आहे.

नवखा_चढाऊ

८० वर एक आहे, दोनच्या आसपास वाटतो खालून. वर जाऊन मोजतो आणि मग ठरवतो.